मास्तरांना ग्रुपमधून काढलं

बायको : मघापासून तो फोन उचलताय आणि ठेवताय. कोटाचं बटण लोंबतंय तसंच. गिऱ्हाईक उद्या दारात उभं राहील.

मास्तर : लावतो ना. पळून चाललंय का बटण?

बायको : काय झालंय एवढं? चिमणीनं आज काही लिहिलं नाही वाटतं.

मास्तर : कोण चिमणी?

बायको : आता कोण चिमणी. ती निळी. नाव निळी चिमणी आणि फोटोसुद्धा निळ्या चिमणीचा. दोन वर्षं बघतेय मी, फोन किणकिणला की मशीनवर बसल्या बसल्या तुमचा चेहरा खुलतो. एकटेच हसता. काय लिहिलंय विचारलं, तर ठरलेलं उत्तर. 'काही नाही, कामाचं आहे.'

मास्तर : कामाचंच असायचं. रफू करणाऱ्यांचा ग्रुप आहे तो. तिथे फाटलेल्या कापडाशिवाय दुसरं काय बोलणार लोक?

बायको : 'तुमचे हात एकदा प्रत्यक्ष बघायला मिळाले तर जन्माचं सार्थक होईल.' हे फाटलेल्या कापडाबद्दल होतं?

मास्तर : तू माझा फोन वाचलास?

बायको : वाचला. तुम्ही आंघोळीला गेला होतात. प्रत्येक फोटोखाली हिचा लाल बदाम. बाकीचे लोक नुसता अंगठा दाखवतात, हिचा मेलीचा बदाम.

मास्तर : आता नाही यायचे बदाम. झालं तुझं समाधान?

बायको : का? भांडलात?

मास्तर : मला काढून टाकलंय ग्रुपमधून. खातंच बंद केलं. उघडायला गेलं की समोर करडी पाटी येते, 'आपल्याला प्रवेश नाही.'

बायको : कधी?

मास्तर : सोमवारी.

बायको : आणि मला वाटलं पोट बिघडलंय. सोमवारपासून ताटात टाकताय म्हणून मी सगळं अळणी करून घालतेय तुम्हाला. बरं झालं काढलं.

मास्तर : बरं झालं?

बायको : हो, बरं झालं. लपवू कशाला? जळते मी त्या बाईवर. माझ्याकडे बघून शेवटचं कधी हसला होतात, आठवतंय? मला नाही आठवत. ती कुठल्या गावची, गोरी की काळी, तरुण की म्हातारी, काही ठाऊक नाही, तरी भाजी निवडताना माझ्या डोक्यात तीच. माझा जीव घोटाळतोय इथे, आणि तुम्ही तिकडे तिला सुईचे नंबर सांगताय.

मास्तर : कारण विचारणार आहेस की नुसतीच बोलत सुटणार आहेस?

बायको : कुणाला तरी वेडंवाकडं बोलला असाल. तोंड कुठे ताब्यात असतं तुमचं.

मास्तर : एक शब्द बोललो नाही कुणाला. अ‍ॅडमिनचा निरोप आला. म्हणे, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, तुम्ही दाखवता ते काम तुमचं नाही. ग्रुपच्या नियमात बसत नाही.

बायको : नाहीच आहे तुमचं.

मास्तर : हळू बोल. दार उघडं आहे.

बायको : कोण ऐकतंय? तो बिनमुंडक्याचा पुतळा? त्याच्या अंगावरच्या जॅकेटचा खिसासुद्धा मीच रफू केलाय, त्याला ठाऊक आहे.

मास्तर : पहिला फोटो टाकला तेव्हा मी तुला विचारलं होतं. नाव घालू का तुझं? तूच म्हणालीस, माझं नाव कशाला त्या भानगडीत, चार लोक बघतात, आपलं आपण बरं.

बायको : म्हणाले. एका फोटोसाठी म्हणाले होते, जन्मभरासाठी नाही. पुन्हा कुठे विचारलंत?

मास्तर : राहून गेलं.

बायको : राहून कसं जाईल? रोज नवा फोटो टाकायचं बरं लक्षात राहायचं. खिडकीपाशी मान मोडून मी बसायचं, कापडाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उसवून काढायचा, त्याच धाग्यानं भोक भरायचं. आणि माझा चहा गार होईपर्यंत तुम्ही फोटो काढून मोकळे. बरं, त्या अ‍ॅडमिनला कळलं कसं?

मास्तर : तुझ्या डाव्या हातानं घात केला.

बायको : माझ्या हातानं?

मास्तर : मी तिथे नव्या लोकांना शिकवायचो. भलंमोठं लिहिलं होतं, कापड उलटं धरावं, उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी, आणि डावीकडे सरकत जावं. बाबांनी मला शिकवलं तसंच. आणि वर तुझ्या कामाचा उलट्या बाजूचा फोटो. त्यात सुरुवातीचं टोक डाव्या कोपऱ्यात.

बायको : मग? मी डावखुरी. माझी सुरुवात डावीकडूनच असणार.

मास्तर : तेच. माझ्या ध्यानातच आलं नाही. मला तो फोटो एवढा सुंदर दिसत होता की कोपरा बघायचं सुचलंच नाही. एकानं मात्र पाहिलं. मग मागचे सगळे फोटो काढून बसलं ते माणूस. सगळ्यांत टोक डावीकडे. आणि शिकवणारा मास्तर उजव्या हाताचा.

बायको : कोण एवढा बारीक बघणारा?

मास्तर : जाऊ दे ना.

बायको : कोण?

मास्तर : तुझी चिमणी.

बायको : निळी?

मास्तर : तिनंच तक्रार केली. अ‍ॅडमिननं तिचं लिहिलेलं मला पाठवलं. म्हणे, मी दोन वर्षं या हातांवर जीव टाकलाय, हे हात ज्या माणसाचे आहेत ते माणूस हे नाही. आणि ज्याचे आहेत त्याला कुणी विचारत नाही याचा मला राग येतो. असं सरळ लिहिलंय.

बायको : वाचा पुन्हा.

मास्तर : कशाला जखमेवर मीठ?

बायको : वाचा म्हणते ना.

मास्तर : 'ज्याचे आहेत त्याला कुणी विचारत नाही याचा मला राग येतो.' बस?

बायको : आणि मी मूर्ख, तिच्या नावानं बोटं मोडत बसले.

मास्तर : ते सोड. ऐक, मार्ग आहे. अ‍ॅडमिन म्हणतो, काम करतानाचा व्हिडिओ पाठवा, खातं उघडतो. फक्त कोपरापर्यंत हात दिसले तरी चालेल. तू माझा निळ्या रेघांचा शर्ट घाल. बांगड्या काढ. आणि उजव्या हातानं जरासं करून दाखव, चार धागे फक्त.

बायको : उजव्या हातानं मला जेवता येतं. रफू येत नाही.

मास्तर : प्रयत्न कर. शिकलीस तर येईल.

बायको : बांगड्या काढू, तुमचा शर्ट घालू, हातही दुसरा वापरू. मग मी उरले किती त्यात?

मास्तर : अगं, एका व्हिडिओचा प्रश्न आहे.

बायको : तुम्हीच का नाही करत? उजवा हात तुमचा, शर्टही तुमचा.

मास्तर : मुद्दाम बोलतेस.

बायको : नाही. खरंच विचारतेय.

मास्तर : तुला चांगलं ठाऊक आहे मला जमत नाही ते. माझा रफू दिसतो. कापडावर माशी बसल्यासारखा दिसतो. बाबांनी मला सात वर्षं शिकवलं आणि तुला लग्नानंतर एक हिवाळा. आणि भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर काय म्हणाले? म्हणाले, माझी विद्या मुलानं नाही, सुनेनं घेतली. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. काय करणार.

बायको : त्याला किती वर्षं झाली.

मास्तर : होऊ देत. आत सलतंच ते. नाजूक काम घेऊन कुणी दारात आलं की माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, 'वहिनी आहेत का' म्हणून आत डोकावतात. माझं दुकान, पाटीवर माझं नाव, आणि मी बटणं लावायची. तू जळतेस म्हणालीस ना? मीही जळतो. तुझ्या त्या बोटांवर जळतो. त्या ग्रुपमध्ये दोन वर्षं ती बोटं माझी होती. लोक मला मास्तर म्हणायचे, आणि हसायचं नाही कुणी.

बायको : मला कधी बोलला नाहीत.

मास्तर : काय बोलणार? बायकोच्या हाताचा हेवा वाटतो म्हणून सांगायचं? कुठल्या तोंडानं?

बायको : मी त्या बाईचा हेवा करत होते, ते तरी कुठे सांगितलं तुम्हाला. आज तोंडातून निघालं.

मास्तर : मग करणार का व्हिडिओ?

बायको : करणार. पण माझ्या साडीत, माझ्या बांगड्या घालून, डाव्या हातानं. आणि माझ्या फोनवरून. तुम्ही मला नवं खातं काढून द्यायचं.

मास्तर : आणि माझं?

बायको : तुमचं बंद आहे. ते मी नाही केलं.

मास्तर : म्हणजे तू आत आणि मी बाहेर.

बायको : दोन वर्षं मी बाहेरच होते. आता दाराची बाजू बदलली, एवढंच.

मास्तर : लोक विचारतील, त्या मास्तरांचं काय झालं म्हणून. मला चोर म्हणतील.

बायको : मी लिहीन, त्यांनी मला विचारून पहिला फोटो टाकला होता. खोटं नाही ते. पुढचं नाही लिहिणार.

मास्तर : एवढं करशील?

बायको : करेन. नवरा आहात, रस्त्यावर टाकणार आहे का? पण शर्ट नाही घालणार. घ्या माझा फोन, टाका माहिती. चष्मा घरी राहिलाय, मला ते बारीक अक्षर दिसत नाही.

मास्तर : नाव विचारतंय. काय लिहू? मास्तरांची मिसेस?

बायको : हात तोडीन.

मास्तर : मग?

बायको : बाबा मला काय हाक मारायचे?

मास्तर : डावखुरी.

बायको : तेच लिहा.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दुकानाचं शटर अर्धं खाली.)

मास्तर : कोट नेला का त्यानं?

बायको : नेला. बटणाचं कौतुक केलं तुमच्या. म्हणाला, घट्ट बसलंय.

मास्तर : बटणाचं कौतुक. चला, तेही कुठे होतं. व्हिडिओचं काय झालं? अ‍ॅडमिननं घेतलं आत?

बायको : दुपारीच घेतलं. तुमच्याबद्दलही विचारलंय मी. म्हणाला, बघू, इतक्यात नाही.

मास्तर : बघू म्हणाला म्हणजे झालं. लोकांनी काय लिहिलं?

बायको : बरंच लिहिलंय. मी कुठे वाचत बसू, हातात काम होतं.

मास्तर : मी वाचून दाखवू?

बायको : नको. चष्मा आणलाय मी.

मास्तर : किणकिणला बघ फोन तुझा.

बायको : ऐकलं.

मास्तर : तीच असणार. निळी. बदाम आहे का?

बायको : आहे.

मास्तर : नुसता बदाम? का लिहिलंय काही? एवढी हसतेस कशाला एकटीच? मोठं आहे का पत्र? अगं, काय म्हणतेय ती?

बायको : काही नाही. कामाचं आहे.