भाताच्या फाइली

मुरबाड स्टँडवर टोकावड्याच्या एसटीसाठी रांगेत उभा होतो. पुढं दोघं बोलत होते.

"भाविक, दाण्याच्या फोटोवरून भाताची जात ओळखायचा तुझा कंप्युटरचा प्रोग्राम झाला का रे?"

"बोंबलला. हापिसच्या नव्या मशिनला फाइलींची मराठी नावं चालत नायत. सगळी प्रश्नचिन्हं झाली."

"आन् जुनं मशिन?"

"पुसून टाकलं. सर बोलले, इंग्रजीत का नाय लिहिलंस?"

"फोटो तरी हायत ना?"

"हायत. पण दाणे सगळे सारखेच दिसतात. नाव फाइलीलाच दिलं व्हतं."

"मग नावं लडकूमामालाच परत विचार."

"त्याच्याच दहाव्याला चाललोय."

"बियाणं असंल की त्याच्या घरात."

"डबेच्या डबे हायत. मामा दाणा तळहातावर घ्यायचा न् नाव सांगायचा. डब्यांवर कशाला कोण लिहील?"