फोटोच्या कोपऱ्यातले बेलपान

मी सौ. महेश्वरी शरणबसव बिराजदार, वय ३६, धंदा पत्रिका डिझाइन व फोटो दुरुस्ती, रा. साखर पेठ, सोलापूर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती शरणबसव व सासू कमलम्मा असे राहतो. खाली आमचे दुकान आहे. मी लग्नपत्रिका करते. पती फोटो दुरुस्त करीत. दोघांचे काम इंटरनेटवरील एकाच ॲपमध्ये असते. एकाने फाइल उघडली की त्याच्या नावाचा बाण दुसऱ्याच्या स्क्रीनवर फिरताना दिसतो. माझा हिरवा, त्यांचा केशरी.

फोटोतून माणूस काढून टाकण्याचे काम त्यांच्याकडे जास्त येई. "शरणू, आमच्या साडूला तेवढं काढ की. लई जागा खातोय," असे एक गिऱ्हाईक म्हणाले होते. पती म्हणाले, "काढतो. पुन्हा गोडी झाली तर मात्र बसवून मिळणार न्हाय."

माणूस पुसून मागचे आपोआप भरणारे साधन ॲपमध्ये आहे. ते पतींना आवडत नसे. त्यात एकच दगड पुन्हा पुन्हा येतो, असे ते म्हणत. ते हाताने भरीत. सुरुवात पायांपासून करीत. काम घेताना फोटोच्या कोपऱ्यात बेलाचे लहान पान ठेवीत, पुरे झाले की काढीत. पान असलेल्या फाइलला मी हात लावायचा नाही, असे आमच्यात ठरले होते.

गेल्या महिन्यात पती मोटारसायकलवरून अक्कलकोटला गेले. मोटारसायकल नदीच्या पुलावर मिळाली. पती मिळाले नाहीत. त्यांचा लॅपटॉप व मोबाइल डिकीत होते. दोन्ही तेव्हापासून याच ठाण्यात जमा आहेत.

त्यानंतर एका दुपारी मी पत्रिका करत असताना केशरी बाण आला. सासूबाई मागे बसल्या होत्या. त्या कानडीत "बंदा नोड" म्हणाल्या. म्हणजे, आला बघ. त्यांनी उठून चहा ठेवला. तीन कप भरले.

बाण रोज येऊ लागला. तो आमच्या घरच्या फोटोंत जाई. ज्या फोटोत पती होते त्याच्या कोपऱ्यात पान येई. आधी त्यांचे पाय जात, मग अंग, शेवटी चेहरा. मागची भिंत, झाड, तळ्याचे पाणी नीट भरून येई. मग पान निघे.

विचारले असता सांगते की, त्यांचा पासवर्ड माझ्याखेरीज कोणाला माहीत नाही. मी तो बदलायला बसले होते. सासूबाईंनी माझा हात धरला. "त्याला घराभाईर काढतीस व्हय ग?" म्हणाल्या. मी बदलला नाही.

शोधपत्रकासाठी साहेबांनी पतींचा फोटो मागितला. आधार कार्डावरचा चेहरा ओळखू येत नाही. लग्नाच्या अल्बमला ओल लागली, तेव्हा पतींनीच फोटो ॲपमध्ये घेऊन अल्बम टाकून दिला. आम्ही गिऱ्हाइकांचे फोटो छापतो. आमचे राहून गेले.

एकच फोटो उरला होता. देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघे. तो आज सकाळी छापून आणला व हजर केला आहे. त्यात मी व सासूबाई उभ्या आहोत. आमच्या मध्ये एका माणसाची जागा आहे. तिथे पायऱ्यांचे दगड दिसतात. एकही दगड दुसऱ्यासारखा नाही. माझा हात त्या जागेत, खांद्याच्या उंचीवर आहे.

कोपऱ्यातले पान अजून निघालेले नाही.

साहेबांनी दाखवल्यावर मी पाहिले. माझ्या पायांच्या जागीही पायरी आहे.

पासवर्ड आता बदलायचा का, असे साहेबांनी विचारले. सासूबाईंना विचारून सांगते, असे मी म्हणाले.

हा जबाब संगणकावर घेऊन मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे.

सही
सौ. महेश्वरी शरणबसव बिराजदार