लाल चिप कितीची?

शप्पथ सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे! दातांच्या दवाखान्यात बाबा आत खुर्चीवर होते. बाहेर लेक नि जावई घरच्या पोकर स्पर्धेत कुठली चिप कितीची ते ठरवत होते.

"निळी शंभरची, लाल पाचशेची."

"लाल नको रे! बाबांना लाल दिसली की डावावर ढकलतातच. गेल्या वेळी दहा मिनिटांत बाद झाले, नि रुसून आईपाशी स्वयंपाकघरात जाऊन बसले."

"मग लाल पंचवीसची करू. ढकलू देत मूठमूठ."

"चालेल! जेवणापर्यंत टिकतील बिचारे."

दार उघडून बाबाच बाहेर आले.

"पोरांनो, लाल पाचशेचीच ठेवा. नाहीतर तुमच्या आईपाशी जायला मला उशीर होतो."

हे बोलताना त्यांच्या गालात कापूस होता. बरं, कापूस तेवढा माझ्या पदरचा.