पुराच्या चित्रातली गच्ची

चित्र काढून काय होतं, असं विचारताय म्हणून सांगतो. पंचगंगेचा मोठा पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीनं बेत केला. सगळ्यांनी मिळून रस्सा-भात करायचा आणि तालमीच्या भिंतीवर वीस वर्षांनंतरची गल्ली रंगवायची. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, म्हणून ब्रश माझ्याकडे आला.

कुणी झाडं सांगितली, कुणी स्वच्छ नदी. शेजारच्या शांताकाकी भात वाढता वाढता म्हणाल्या, "पाणी बी काढ."

"काकी, चांगलं काढायचं हाय. पूर कशाला?"

"पाऊस आता पैल्यासारखा राहिला न्हाय. पाणी येणारच की. पण आलं तरी गल्ली एका जागी जेवती, असं काढ. औंदाच्या पुरात मी लांबच्या शाळंतल्या छावणीत एकटी पडलेली."

मी खाली पाणी रंगवलं, वर एक गच्ची काढली आणि तिथं पंगत बसवली.

"कुणाची रं गच्ची ही?" एकानं विचारलं.

गल्लीत उंच घर एकच, किराणावाल्या बसाप्पाअण्णांचं. पुरात त्यांनी दुकानाचा माल वर नेऊन जिन्याला कुलूप घातलं होतं. अण्णा हातातलं ताट ठेवून भिंतीपाशी आले. मग हळूच म्हणाले, "माझीच की. नाव घाल खाली."

पुढच्या पावसाळ्यात पाणी परत गल्लीत शिरलं. मी काकींना न्यायला धावलो, तर वाटेत जिन्याच्या तोंडाशी अण्णाच उभे.

"काकी मघाशीच वर गेल्या," ते म्हणाले. "भात शिजलाय. तू घरातली ताटं आण, कमी पडत्यात."