खांद्यावरचा हात

शहर आपल्या वीरांना कधीच विसरत नाही. म्हणूनच त्यांच्या तसबिरी सभागृहात लावून सभागृहाला कुलूप घातलेलं असतं. नगरपालिकेच्या खिडकीपुढे नळाची तक्रार घेऊन मास्तर उभे होते. त्यांच्या पुढे एक म्हातारी खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होती.

“माझ्या मुलाचा फोटो परत हवाय, भाऊ.”

“आजी, लढाईत गेला तेव्हापासून तो सगळ्या शहराचा मुलगा झाला.”

“शहराला आणखी आहेत. माझ्याकडे एकच फोटो होता. मोठा करून परत देतो म्हणाला होतात.”

“अनावरणाचे पाहुणे दारात आले, वेळ कुठे होता? तोच चौकटीत बसवला.”

“आम्ही दोघं होतो त्यात.”

“चौकटीत एकच माणूस मावत होता. तुम्हाला कापावं लागलं.”

“कापा हो, माझं काय काम तिथे! पण त्याच्या खांद्यावर माझा हात होता. तो तरी राहिलाय ना?”

मास्तरांनी अर्जाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“राहिला होता. पण नुसता हात बरा दिसेना. पेंटरकडून त्यावर दोन तारे काढून घेतले.”

“तारे साहेबांना असतात, भाऊ. तो साधा शिपाई होता.”

“तेलरंग आहे, आजी. आता निघत नाही.”