शिडीवरचा माणूस

नाही हो, बसू दे त्याला, मला कुत्र्याचा काही त्रास नाही. मी एवढंच म्हटलं, की त्याची शेपटी माझ्या फोटोत येतेय, आणि आमच्या ग्रेडीला फोटोत शेपटी चालत नाही. ग्रेडी म्हणजे आमच्या कॅमेरा क्लबचा म्होरक्या – चाळीस वर्षं गावात दातांचा डॉक्टर होता, आता निवृत्त झालाय आणि लोकांच्या फोटोंतलं नको ते काढत बसतो. विजेची तार दिसली, काढ. कचऱ्याचा डबा दिसला, काढ. त्याची नजरच तशी झालीय, तोंड उघडलं की कुठला दात उपटायचा. तुम्ही सरका थोडं, मीही टेकते या कट्ट्यावर. उन्हानं तापलाय, पण बरं वाटतं गुडघ्यांना. तुम्ही इथलेच का? रोज येता या गल्लीत? मग बरं झालं, तुमच्याशीच बोलायला हवं होतं मला.

आम्ही अकरा जणं आलोय. जॉर्जियातून, ग्रॅनाइटच्या खाणी आहेत ना, त्या बाजूनं – चर्चची व्हॅन घेऊन, मागच्या बाकावर सगळ्यांच्या कॅमेऱ्यांच्या तिकाट्या, त्या प्रत्येक वळणावर खडखडतात आणि ग्रेडी ओरडतो, काचा सांभाळा, काचा सांभाळा. दर एप्रिलला चार्ल्स्टन. दर एप्रिलला तीच घरं, तेच लोखंडी दरवाजे, त्याच खिडक्यांखालच्या फुलांच्या पेट्या. मी विचारलं एकदा, अरे, हे घर गेल्या वर्षी आपण अकराही जणांनी काढलंय, आता पुन्हा कशाला? तर म्हणतो, व्हर्ना, उजेड वेगळा आहे. असेल बाबा. मला विचाराल तर मी येते कोळंबी आणि मक्याच्या कण्यांसाठी. आमच्याकडे कण्या नुसत्या लोण्याबरोबर खातात, इथल्यासारख्या कुणाला जमत नाहीत. तुम्ही कुठं खाता? नको, नंतर सांगा, नाहीतर मी आत्ताच उठून जाईन, आणि आज मला उठायचं नाही.

बाकीचे? बाकीचे बोटीवर गेलेत, बंदरातल्या किल्ल्याचे फोटो काढायला. मी सांगितलं पोट बिघडलंय, कालचं खेकड्याचं सूप बाधलं. खोटं. सूप उत्तम होतं, मी लुएटाचंही अर्धं संपवलं. लुएटा माझी शेजारीण, पन्नास वर्षांची मैत्री – तिच्याबद्दल सांगेन, थांबा. ते समोरचं गुलाबी घर कुणाचं, ठाऊक आहे तुम्हाला? नाही, मला मालकाशी काही करायचं नाही. गिलाव्याचं काम चाललंय ना तिथं? तेच विचारत होते. शिडी आहे, चुन्याच्या बादल्या आहेत, पण माणूस दिसत नाही. आत असतात सकाळी? आणि बाहेर कधी येतात – बाराला? रोज? चर्चची घंटा झाली की. ठीक आहे. म्हणजे अजून अर्धा तास. नाही, घाई काही नाही मला, घाई असायला मी काय फोटो काढायला आलेय?

भाऊ आहे मला एक. टॉलिव्हर, आम्ही टॉली म्हणतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेऊन हिंडलेय. खाणीवर होता, दगड कापायच्या शेडमध्ये, हात फार चांगला – वडील म्हणायचे, या पोरानं दगडाला नुसती फुंकर मारली तरी त्याला कड येते. तर तो गेला निघून. अकरा वर्षं झाली. एक कार्ड आलं होतं सव्हाना शहरातून, त्यावर नुसतं चित्र, मागे आमचा पत्ता आणि बाकी कोरं. काही माणसं असतात तशी, पाय टिकत नाही त्यांचा घरात. मी सगळ्यांना हेच सांगते. काय करणार, त्याचा स्वभावच तसा.

तर काल काय झालं – संध्याकाळी, जेवणाआधी, हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत ग्रेडी मोठ्या टीव्हीला आपला लॅपटॉप जोडतो आणि प्रत्येकाचा दिवसाचा एक फोटो दाखवतो. परीक्षाच असते ती. माझा आधी झाला – दरवाज्याची पितळी कडी, ग्रेडी म्हणाला, व्हर्ना, ही वाकडी आहे. मी म्हटलं, कडीच वाकडी होती रे. हसले सगळे. मग लुएटाचा आला. हेच घर. गुलाबी भिंत, हिरव्या झडपा, खिडकीखाली लाल फुलं, आणि डाव्या कडेला शिडीवर एक माणूस भिंतीला चुना लावतोय. पाठमोरा, जरासा एका बाजूला वळलेला. आता लुएटा माणसांचे फोटो काढत नाही, कधीच नाही. फुलं काढते, फारतर मांजर. मी आपली सुपाची वाट बघत बसले होते, आणि बघते तर त्या माणसानं डावी टाच वर उचललेली, नुसत्या चवड्यावर उभा शिडीच्या पायरीवर, आणि टोपी काढून पाठीमागच्या खिशात खोचलेली. आमचे वडील असे उभे राहायचे. जगात दोनच माणसं तशी उभी राहिलेली बघितलीत मी, आणि वडील जाऊन तीस वर्षं झाली.

हो. टॉली. केस पांढरे झालेत आता. वाळलाय. पण तोच.

आणि ग्रेडी म्हणतो – तो काही वाईट माणूस नाही हं, त्याला काय माहीत – तो म्हणतो, लुएटा, सुंदर रंग, सुंदर भिंत, फक्त हा माणूस मध्येच उगवलाय, नजर तिकडे जाते. काढू या का? आणि सगळे म्हणाले, काढा, काढा.  लुएटानं माझ्याकडे पाहिलं. ग्रेडीनं पडद्यावरचा तो बाण फिरवला, इकडून थोडी भिंत उचलली, तिकडे ठेवली. आधी पाय गेले. मग पाठ. मग डोकं. मग शिडीही गेली, बादलीही गेली. गुलाबी भिंत, एकदम स्वच्छ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, बघा, कुणी म्हणेल का इथं कुणी होतं? आणि मी, जी गप्प बसत नाही म्हणून मला व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसवत नाहीत, ती मी – मी सूप घेतलं. पुन्हा.

पुन्हा म्हटलं का मी? म्हटलं असेल.

अहो, तुमचा कुत्रा दमला बिचारा, त्याला सावलीत घ्या. तुम्ही नाही दमलात? बरं, ऐका मग, तुम्ही काही आमच्या गावाला येणार नाही. आईला अर्धांगाचा झटका आला होता, आणि तिची एक खोड, कुणाला हाक न मारता एकटीच उठायची. म्हणून कुणीतरी सतत शेजारी बसायचं. पाळ्या ठरलेल्या. टॉलीला रात्रपाळी, म्हणून तो आठवड्यात संध्याकाळी बसायचा. रविवार दुपार माझी. आणि त्या रविवारी आमच्याकडच्या अथेन्स गावात रजयांचं प्रदर्शन होतं, हातानं शिवलेल्या, वर्षातून एकदा लागतं. मी त्याला फोन केला. रात्रपाळीला जोडून जादा पाळी करून नुकताच आला होता, अंगावरची दगडाची धूळसुद्धा धुतली नव्हती. म्हटलं, दोनच तास बस, टॉली. तो म्हणाला, ताई, डोळे मिटतायत माझे. मी म्हटलं, मग कॉफी पी. आणि गेले. लुएटाबरोबर. तिथं मी एक निळी रजई अर्धा तास बघत उभी होते, घेतली नाही, नुसती बघत होते.

त्याला खुर्चीतच झोप लागली. आई उठली. खिडकीतल्या पक्ष्यांना दाणे घालायला असेल, दाण्यांचा डबा हातात होता तिच्या. पडली, ती नवव्या दिवशी गेली.

झोप. फक्त झोप, दारू नव्हती. आधी प्यायचा तो, नाही म्हणत नाही, पण तेव्हा चार वर्षं त्यानं थेंब घेतला नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं, कारण दर महिन्याला मीच त्याला दारू सोडलेल्यांच्या बैठकीला सोडायचे. तर दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. ओडेल मावशी, आईची धाकटी बहीण, आवाज असा की घंटेची गरज नाही, ती म्हणाली, पुन्हा प्यायला असेल पोरगा, नाहीतर म्हातारी पडली कशी? आणि सगळी माणसं माझ्याकडे वळली. कारण पाळ्यांचा कागद मी लिहिलेला, आईच्या फ्रिजवर चिकटवलेला. टॉलीही वळला. त्याच्या हातात ताट होतं. नुसता वाट बघत होता. एक वाक्य पुरे होतं, त्या रविवारी माझी पाळी होती. माझ्या हातात बटाट्याच्या कोशिंबिरीचं मोठं भांडं होतं, आणि मी म्हटलं, हे कुणीतरी धरा, जड आहे. एवढंच बोलले मी. त्यानं ताट ठेवलं, नीट ठेवलं, चमचा बाजूला लावून, आणि दारातून बाहेर गेला.

पाय टिकत नाही म्हणते मी लोकांना. त्याचा कसा टिकणार?

नाही हो, मी ठीक आहे. चष्मा धुरकट झालाय, या हवेत होतोच. तुमच्याकडे रुमाल – असू दे, बाहीनं पुसते. लुएटाचं सांगायचं राहिलं ना? सकाळी बोटीला निघायच्या आधी ती माझ्या खोलीवर आली. मी पांघरूण ओढून पोट धरून पडलेले, नाटक पूर्ण. ती म्हणाली, उठ, बूट घाल. आणि नॅपकिनवर या घराचा नंबर लिहिलेला माझ्या हातात ठेवला. म्हणाली, काल दुपारी मीच ओळखला त्याला, म्हणून तर फोटो काढला. तोंडानं सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास. मी म्हटलं, तुला सगळं माहीत होतं? ती म्हणाली, व्हर्ना, त्या रविवारी गाडी मी चालवत होते. पन्नास वर्षांची मैत्री, आणि अकरा वर्षं त्या रविवारबद्दल एक शब्द बोललो नव्हतो, ती नाही आणि मीही नाही. मग म्हणाली, पुसलेला फोटो ग्रेडीकडे राहू दे, माझ्याकडे मूळचा आहे. आणि गेली बोटीवर, टोपी घालून.

मग मी एक फोन केला. ओडेल मावशीला. एक्याण्णव वर्षांची आहे, कान तिखट. तिला म्हटलं, मावशी, तो रविवार माझा होता, टॉली प्यायला नव्हता, मी रजया बघायला गेले होते.  मग म्हणते, मग मी अकरा वर्षं त्याच्याबद्दल जे बोलले, त्याचं आता काय करू? मी म्हटलं, तेवढ्याच जणांना परत सांग, उलटं. म्हणाली, तुझं नाव घेऊन सांगेन हं. म्हटलं, घे. आमच्या गावचं वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा निघतं, ओडेल मावशी रोज निघते. आत्तापर्यंत पेट्रोल पंपापर्यंत पोचलं असेल. आता मी परत गेले की लोक कोशिंबीर घेतील का माझ्या हातची, बघू.

पण त्याला काय सांगू, ते कळत नाही. तुमच्याशी बघा कशी बोलतेय, तुम्हाला तोंड उघडू दिलं नाही. त्याच्यासाठी एक वाक्य पाठ केलंय आणि तेही इथं बसल्या बसल्या तीनदा विसरले. तुम्ही काय म्हणाल माझ्या जागी? नको, नका सांगू. तुमचं चांगलं निघालं तर मी तेच वापरीन, आणि त्याला लगेच कळेल की हे हिचं नाही.

ही घंटा ना? बाराच का? मोजा हो जरा, माझं चुकतंय.

आला. दोघं आलेत – तो तरुण दुसरा, टोपीवाला, तो गेला कोपऱ्यावर. टॉली पायरीवर बसलाय. सँडविच काढतोय कागदातून. बघा, आधी हात धुतले बादलीत, आईनं लावलेली सवय. नाही, मी नाही फोटो काढणार. तुम्ही माझा कॅमेरा धरता का? नाहीतर असू दे, गळ्यातच राहू दे, हाताला काहीतरी धरायला लागेल. उठते. गुडघा – हां, आलं. इथूनच हाक मारू का? रस्ता काही एवढा रुंद नाही.

टॉली.

बघितलं. बघितलं त्यानं. ओळखलं का? कपाळावर हात धरलाय, ऊन आहे डोळ्यांवर. सँडविच खाली ठेवलं. उठतोय, नाही, उठला नाही. बादली उचलली. पायरीवरची बादली उचलून पलीकडे ठेवली, आणि सरकला भिंतीकडे. जागा केली त्यानं. अहो, शेजारी जागा केली.

चला, तुम्ही निघा आता. कुत्र्याला न्या घरी. जा ना.