रेकॉर्डर कधीचा बोलत होता

कोलकात्यात सियालदहच्या त्या दुरुस्तीवाल्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं! माझ्या जुन्या रेकॉर्डरचा स्पीकर गेला होता आणि वायर जोडली तर लॅपटॉप दाद देईना. हा म्हणतो, "फेंक दीजिए दादा, नया लीजिए." फेकू? आत मी बातमीसाठी घेतलेली, बजबज गावच्या एका ज्यूट मिलच्या मॅनेजरची मुलाखत होती. कामगारांना बाहेर ठेवून मिलचं गेट आपणच बंद करवलं, असं तो मला बोलला होता आणि आता साफ नाकारत होता. संपादक म्हणाले, पुरावा द्या, नाहीतर माफी छापू. मी आणि माफी?

वरच्या मजल्यावरची मुग्धा आयटीत आहे. तिनं आपल्या लॅपटॉपला वायर जोडली.

"मेलाय का गं?"

"काका, हा तर बोलतोय! वायर लागताच त्यानं आपला नंबर सांगितला, बघा." पडद्यावर खरंच ओळ उमटली होती. "त्याची भाषा जाणणारा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातच आहे. फक्त हा नंबर आपण सांभाळायचा, हे त्या ड्रायव्हरला ठाऊक नाही."

तिनं ड्रायव्हरला तो नंबर कळवणारी एक ओळ टाइप केली आणि रेकॉर्डरचा दिवा लागला. मी शिव्या घालत होतो, आणि ती एवढीशी डबी दर वेळी निमूटपणे आपली ओळख सांगत होती!

लॅपटॉपवर मुलाखत वाजू लागली. आधी सगळा माझाच आवाज, "बोलिए! जवाब दीजिए!" मग मॅनेजर वैतागून म्हणाला, "कब से बोल रहा हूँ साहब, आप सुनिए तो. गेट मैंने ही बंद करवाया."

मुग्धा म्हणाली, "काका, एक ड्रायव्हर तुमच्यातही घालून देऊ का?"